निवटीला पुढे काही व्हायचं नव्हतं

मी एकवीस वर्षं मुलांना एक गोष्ट ठामपणे चुकीची शिकवली आणि त्याबद्दल मला दर महिन्याला वेळेवर पगार मिळाला. गवंडी चुकला तर भिंत पडते, आचारी चुकला तर पंगत उठून जाते. शिक्षकाचं तसं होत नाही. त्याची चूक मुलं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि तिच्यावर मार्कही मिळवतात.

मी जाधवबाई. मूळची माणगावची. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. बोर्ली पंचतनला एसटी बदलायची आणि मग देवाचं नाव न घेता, कारण आमच्या घरी ती सवय नव्हती, नुसतं दांडीला घट्ट धरून बसायचं. गावातली विज्ञानाची बाई म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. शाळेतला फ्यूज उडाला की ती. कुणाच्या घरात साप निघाला की तो विषारी का बिनविषारी हे सांगायला तीच. एकदा ग्रामपंचायतीच्या शिपायाने बंद पडलेला मिक्सर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, यात बी विज्ञानच हाय ना?"

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि दोन कपाटं. एका कपाटात बाटल्या. त्यात एक विंचू, एक तारामासा आणि माझ्या आधीपासून नोकरीत असलेला एक साप. दुसऱ्या कपाटात डावा हात नसलेला सांगाडा. आणि भिंतीवर तो तक्ता. तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. डावीकडून उजवीकडे सहा जण एका रांगेत चाललेले. पहिलं चार पायांवरचं माकड, मग थोडं उठलेलं, मग वाकलेलं, मग ताठ, आणि सहाव्या नंबरला भाला घेतलेला माणूस. पहिला काळाकुट्ट. पुढे पुढे रंग उजळत जाऊन सहावा इतका गोरा, की तसला माणूस आमच्या तालुक्यात कधी एसटीतून उतरलेला मी तरी पाहिला नाही.

उत्क्रांतीचा धडा मी त्या तक्त्यासमोर शिकवायची. काठी पहिल्यावर ठेवायची आणि सरकवत सहाव्यापर्यंत न्यायची. आधी पाण्यातले मासे, त्यातले काही धडपडत जमिनीवर आले, मग सरपटणारे, मग चार पायांचे, मग माकड, मग आपण. शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तशी सगळी जीवसृष्टी आमच्याकडे चढत येत होती आणि वर पोचल्यावर आम्ही तिला "या, बसा" म्हणत होतो. मुलांना पटावं म्हणून मी स्थानिक उदाहरण द्यायची. शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्थानिक उदाहरण द्या असं फार सांगतात. माझं स्थानिक उदाहरण होतं निवटी.

निवटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या चिखलात राहणारा बोटाएवढा मासा. डोळे डोक्याच्या वर. ओहोटी लागली की हा मासा पाण्याबरोबर जात नाही, चिखलावरच थांबतो आणि पुढच्या दोन परांवर कुबड्या टेकत चालावं तसा चालतो. राखेत चोळून बुळबुळीतपणा काढला की त्याचं कालवण फार सुंदर होतं. हे कालवणाचं नोट्समध्ये नव्हतं. नोट्समध्ये मी लिहून दिलं होतं, "निवटी हा पाण्यातून जमिनीवर येण्याच्या टप्प्यावर असलेला मासा आहे." पुस्तकात हे कुठेच नव्हतं. हे माझं स्वतःचं संशोधन.

एकविसाव्या वर्षी घटक चाचणीत मी प्रश्न घातला: निवटी जमिनीवर का येते? दोन मार्क. अडतीसपैकी सदतीस मुलांनी माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. एकीने लिहिलं, "ओहोटीला तिचं खाणं चिखलावर असतं. पोट भरलं की ती बिळात जाते. तिला पुढे काही व्हायचं नाही."

ही प्राची. कोळीवाड्यातली, बोलायला कमी, बघायला जास्त. मी लाल शाईने शून्य दिलं आणि समासात लिहिलं, "उत्क्रांतीचा विचार नाही."

तिसऱ्या दिवशी तिची आई सुगंधा शाळेत आली. पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या ते दिवस, त्यामुळे तिला सवड होती. हातात झाकण लावलेली बादली. ती सरळ प्रयोगशाळेत शिरली, बादली माझ्या टेबलावर ठेवली आणि पेपर पुढे केला.

"बाई, माज्या पोरीनं काय चुकीचं लिवलंय?"

मी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. "हे बघा, तिनं जे लिहिलंय ते डोळ्यांना दिसणारं कारण आहे. विज्ञानात खोलवरचं कारण लागतं. निवटी हळूहळू जमिनीवरचा प्राणी होण्याच्या वाटेवर आहे."

"कवापासून?"

"लाखो वर्षांपासून."

"माजी सासू ह्याच निवट्या पकडायची. तिची सासू पन ह्याच पकडायची. आजवर एक पन निवटी गावात घर बांधायला आलेली न्हाय."

"अहो, असं चार पिढ्यांत नाही होत. लाखो वर्षं जावी लागतात."

"मग माज्या पोरीला दोन मार्क लाखो वर्षांनी देनार काय?"

एवढ्यात मुख्याध्यापक दिवेकर सर आवाज ऐकून आत आले. सर कडक इस्त्रीचे आणि मासे न खाणारे. सुगंधाने त्यांना पाहून झाकण काढलं. "घ्या, सर आलं. त्यांच्यादेखत हिलाच विचारा कुठं चाललीस म्हनून."

विचारायची वेळच आली नाही. पहिली निवटी बादलीच्या काठावर आली, तिने आम्हा तिघांकडे दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहिलं आणि उडी मारली ती सरांच्या बुटावर. सर खुर्चीवर चढले. दुसरी टेबलावरून सरळ हजेरीपटावर गेली. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी जमिनीवर रांगत होतो आणि सर खुर्चीवरून "तिकडे, तिकडे, कपाटाखाली" असं मार्गदर्शन करत होते.

शेवटची निवटी पकडून सुगंधाने बादलीत टाकली, हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी हिला नापास समजता. पान्यात धड न्हाय, जमिनीवर धड न्हाय, असं. पन चिखलात ती पास हाय. चिखलात तुमी येऊन दाखवा."

हे आव्हान होतं की आमंत्रण, कळलं नाही. मी रविवारी गेले.

त्याचं वर्णन मी थोडक्यात आटोपते, कारण मी जवळजवळ सगळा वेळ गुडघ्यापर्यंत रुतलेली होते. सुगंधा चिखलावरून अशी चालत होती जशी मी व्हरांड्यातून चालते. माझी एक चप्पल खाडीने घेतली ती घेतलीच. पण एकदा रुतल्यावर दुसरं काही करता येत नाही म्हणून मी बघत बसले, आणि नोकरीत पहिल्यांदा मी निवटी नीट पाहिली. त्वचा सुकायला लागली की ती ओल्या चिखलात कूस पालटून घेत होती. तोंडात पाणी धरून ठेवत होती. एक नर शेपटीवर उभा राहून हवेत उड्या मारत होता, पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभारून, आणि त्याची मादी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. दुसरा शेजारी आपल्या बिळाच्या हद्दीत आला म्हणून एकीने त्याला हाकलून काढलं. या सगळ्या गडबडीत कुणालाही जमिनीकडे यायची घाई दिसली नाही. मुक्कामाच्या गावी सुखाने राहणाऱ्या माणसाला आपण एसटी स्टँडवर ताटकळणारा प्रवासी समजत होतो, असं काहीसं मला वाटायला लागलं.

"काय, निघाली काय कुठं?" सुगंधाने लांबून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मलाच बाहेर काढा आधी."

घरी येऊन पाय धुतले आणि वासंतीला फोन केला. वासंती माझी बीएस्सीची मैत्रीण, मुंबईत कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. सगळी हकिगत ऐकून ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अगं, तू अजून शिडी शिकवतेस?"

"म्हणजे?"

"शिडी ही उत्क्रांतीची कल्पनाच नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची. खाली दगड, मग झाडं, मग जनावरं, मग माणूस, त्याच्या वर देवदूत, अशी उतरंड लोक शेकडो वर्षं मानत होते. उत्क्रांतीचा सिद्धान्त आला तेव्हा लोकांनी तो त्याच जुन्या उतरंडीवर नेऊन बसवला. खुद्द त्या दाढीवाल्या साहेबांनी वहीत काढलं होतं ते फांद्या फुटलेलं झाड. फांदीला कुठे वरची पायरी असते का?"

"मग निवटी?"

"निवटी एका वेगळ्या फांदीवर आहे. जमिनीवरचे प्राणी ज्या माशांपासून आले ते घराणंच निराळं, आणि त्यांना येऊन जमाना लोटल्यावर निवटी आली. ती तुझी आजी नाही, लांबची चुलतबहीण आहे. तीही आजचीच, तूही आजचीच. कुणी कुणाच्या मागे नाही."

"आणि माकडापासून माणूस?"

"आजच्या माकडापासून नाही. दोघांचे पूर्वज एक. तुझ्या चुलतभावापासून तू जन्मलीस असं कोण म्हणतं?"

फोन ठेवला तेव्हा मला आठवलं, दर वर्षी मागच्या बाकावरून एक तरी हात वर यायचा, "मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?" आणि मी म्हणायची, "खाली बस." एकवीस वर्षं बरोबर प्रश्न विचारणाऱ्यांना मी खाली बसवलं होतं.

मी प्राचीला तिचे दोन मार्क दिले. बाकीच्या सदतीस जणांचे कापायचे का, हा प्रश्न होता. शास्त्राने पाहिलं तर कापायला हवे होते. पण सदतीस पालक सदतीस बादल्या घेऊन येतील या भीतीने मी सगळ्यांचे राहू दिले. वर्गाला सांगितलं की माझी नोट चुकीची होती, खोडा. बाईंनी स्वतःच्या तोंडाने चूक सांगितल्याची बातमी मधल्या सुट्टीत सातवीपर्यंत पोचली. तक्ता मात्र काढता आला नाही. दिवेकर सर म्हणाले, "शाळेची वस्तू आहे, अशी उतरवता येत नाही. आणि भिंतीचा तो ओलीचा डागही दिसेल." तक्ता राहिला. मी त्याच्याकडे पाठ करून शिकवायला लागले.

त्या हिवाळ्यात माणगावला एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. प्राचीने विषय घेतला, "निवटी पुढे काय होणार? काही नाही!" मधोमध चिखल भरलेलं घमेलं, त्यात सहा निवट्या, वर जाळी. बाजूला तिने स्वतः काढलेलं झाडाचं चित्र, फांद्याफांद्यांवर मासे, बेडूक, पक्षी, माकड, माणूस. सुगंधा जाळीची राखण करायला आली होती, निदान ती तसं म्हणत होती.

परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी शीर्षक वाचलं आणि चष्मा काढला. "हे उत्क्रांतीच्या विरोधात आहे. कोणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून पांढऱ्या सदऱ्यातले एक पाहुणे पुढे आले. त्यांना कार्यक्रमात नारळ मिळाला होता, तो अजून हातात होता. ते गहिवरून म्हणाले, "शाब्बास मुली! मी तीस वर्षं सांगतोय, उत्क्रांती वगैरे सगळं थोतांड आहे. आज एका शाळकरी मुलीनं सिद्ध करून दाखवलं!" आणि त्यांनी नारळ प्राचीच्या हातात दिला.

मी आयुष्यात दोन बाजूंनी इतकी कधी सापडले नव्हते. एकाला वाटत होतं आम्ही विज्ञान मोडतोय, दुसऱ्याला वाटत होतं आम्ही ते त्याच्यासाठी मोडतोय, आणि शिव्या परवडल्या पण ते कौतुक नको असं झालं. एखाद्या मान्य कल्पनेवर बोट ठेवलं की असं होतं हे मला तेव्हा कळलं. जो तो त्या बोटाला आपली अंगठी घालायला बघतो.

प्राची नारळाकडे बघत राहिली. मग तिने तो पाहुण्यांना परत दिला. "उत्क्रांती खोटी न्हाय, काका. शिडी खोटी हाय. उत्क्रांती झाली म्हनून तर निवटीला चिखलात राहता येतं." आणि परीक्षकांकडे वळून, "सर, तुम्ही माशांच्या पुढे न्हाय. बाजूला हाव."

परीक्षक "बाजूला" या शब्दावर विचार करत वाकले आणि नीट पाहता यावं म्हणून त्यांनी जाळी उचलली.

सुगंधा "ओ, ओ!" म्हणेपर्यंत तीन निवट्या बाहेर. एक पाहुण्यांच्या सदऱ्यावर चिखलाची पावलं उमटवत वर गेली. पाहुणे नारळ टाकून पळाले. दुसरी सापडली. तिसरी शेजारच्या शाळेच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीवर चढली आणि थेट मुखाशी जाऊन बसली. ज्वालामुखीवाली मुलं हातात व्हिनेगरची बाटली घेऊन खोळंबली. सगळं सभागृह गोळा झालं. परीक्षकांनी इतका वेळ तिच्याकडे पाहिलं, की शेवटी तेच म्हणाले, "खरंच, हे काय सुंदर जनावर आहे हो." बक्षीस मिळालं नाही. सभागृहाच्या फरशीबद्दल दिवेकर सरांना पत्र मात्र आलं.

चिखल पुसायला मी पोतेरं शोधत होते तेव्हा एकाने ते आणून दिलं. प्रदर्शनाच्या विजेचं काम करणारा माणूस, तिशी ओलांडलेला, खिशात टेस्टर. तो आमच्या स्टॉलवरची ट्यूब बसवत होता, त्याने शिडीवरून सगळं ऐकलं होतं.

"बाई, ओळखलंत काय? बाळू वाघमारे."

वाडीवरचा बाळू. कातकरी वाडीतून शाळेत टिकलेल्या मोजक्या पोरांपैकी. नववीनंतर यायचा बंद झाला होता. मी दोन वेळा वाडीवर गेले होते, तो भेटला नव्हता.

"अरे, शाळा का सोडलीस तेव्हा?"

तो हसला. "मी नंबर तीन होतो ना, बाई."

"कसला नंबर?"

"तुमच्या तक्त्यावरचा. वाकलेला, काळा. पोरं मला नंबर तीनच म्हनायची. तुम्ही काठी तीनवर नेली की सगळा वर्ग माज्याकडं बघायचा." मग मला धीर द्यावा तसा तो म्हणाला, "मी एकटा न्हाय, बाई. माज्याआधी सखाराम होता. दर वर्षी कुणीतरी असायचाच."

माझे वडील पोस्टात होते. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात वरचा-खालचा हे शब्द तोंडातून निघाले तर आजोबा जेवण थांबवायचे. त्या घरातली मुलगी मी. काठी मीच सरकवत होते, आणि वर्ग कुठे बघतोय ते एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी तक्ता उतरवला. सरांना विचारलं नाही. भिंतीवर ओलीचा डाग होता, सर म्हणाले होते तसाच, मोठा आणि हिरवट. सर आले, त्यांनी डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना बाळूचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी स्वतःच तक्त्याची गुंडाळी करून सुतळी बांधली.

त्याच आठवड्यात मी वाडीवर गेले. या वेळी बाळू घरी होता. मी बरंच बोलणं मनात जुळवून नेलं होतं, पण त्याच्या अंगणात उभी राहिल्यावर "माझं चुकलं रे" एवढंच निघालं. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. बाळूला माझ्या माफीचं काय करावं ते कळेना. पाहुण्याने भलतीच वस्तू भेट आणावी तसा तो अवघडला.

"जाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "माजी पोरगी सोनाली जूनमध्ये तुमच्या वर्गात येईल. तिला पुढच्या बाकावर बसवा."

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. सोनालीला मी पहिल्या बाकावर बसवलं. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून होती, दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर बघत होती. उत्क्रांतीचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर मोठं झाड काढलं, रंगीत खडूंनी, अगदी मन लावून. एका फांदीवर निवटी काढली, एकीवर बेडूक, एकीवर पोपट, एकीवर वानर. शिडी कशी चुकीची, कुणीही कुणाच्या वर नाही, हे मी वीस मिनिटं सांगितलं. इतकं चांगलं मी कधी शिकवलं नसेल. शेवटी हात झटकून विचारलं, "काही शंका?"

पहिल्या बाकावरून हात वर आला.

"बाई," सोनाली म्हणाली, "तुमी मानूस परत सगळ्यात वर काढलाय."

मी वळून फळ्याकडे पाहिलं. काढला होता. अगदी शेंड्यावर, आणि बाकी सगळ्यांच्या दुप्पट मोठा.